दोघांसाठी हलका तंबू निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर घर घेऊन चालणाऱ्याच्या सामानात सर्वांत जड तीन गोष्टी असतात: तंबू, झोपण्याचे सामान आणि खुद्द सॅक. तंबूचा नीट विचार केला तर एका खरेदीतच किलोभर वजन वाचू शकते. पुढची उत्तरे रोज नव्या जागी मुक्काम करणाऱ्या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. गाडीशेजारी लावायच्या तंबूचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

किती वजनाच्या तंबूला हलका म्हणायचे?

स्वतःचे पोल असलेला, आत जाळीचा इनर (आतला तंबू) आणि वर फ्लाय (पाऊस अडवणारे बाहेरचे कापड) असा दुहेरी तंबू सगळ्या सामानासह १.२ ते १.८ किलोत बसत असेल तर तो हलका. चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू ५०० ते ९०० ग्रॅमपर्यंत उतरतात. दोन किलोच्या वरचा तंबू एक-दोन मुक्कामांना चालतो, पण आठवडाभर चालायचे असेल तर तो जाणवू लागतो.

वजन नेहमी माणशी मोजा. दीड किलोचा तंबू दोघांत वाटला की प्रत्येकाकडे ७५० ग्रॅम येतात. दुसऱ्या दरवाजामुळे २०० ग्रॅम वाढत असतील तर तुमच्या पाठीवर त्यातले १०० येतात. असा हिशेब केला की काही तडजोडी करण्याजोग्या वाटतात आणि काही उगाचच्या.

छापील वजन आणि काट्यावरचे वजन यांत फरक का पडतो?

कंपन्या बहुधा दोन आकडे देतात. 'मिनिमम' किंवा 'ट्रेल' वजनात फक्त इनर, फ्लाय आणि पोल धरलेले असतात. 'पॅक्ड' वजनात मेखा, दोऱ्या, पिशव्या, मोडलेल्या पोलवर चढवायची दुरुस्तीची नळी असे सगळे येते. दोहोंत १५० ते ३०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. मेखांशिवाय कुठलाच तंबू पावसावाऱ्यात टिकत नाही, त्यामुळे तुलना पॅक्ड वजनाचीच करावी. एका तंबूचे ट्रेल वजन आणि दुसऱ्याचे पॅक्ड वजन शेजारी ठेवून निर्णय घेणे ही या खरेदीतली सर्वांत जास्त होणारी गफलत आहे.

'टू पर्सन' लिहिलेल्या तंबूत दोघे खरेच मावतात का?

मावतात, पण कसे हे तुमच्या मॅटवर अवलंबून आहे. म्हणून मापे काढायला सुरुवात मॅटपासून करा. नेहमीची मॅट ५१ सेंमी रुंद आणि १८३ सेंमी लांब असते. रुंद मॅट ६४ सेंमीची असते. दोन साध्या मॅटना १०२ सेंमी जागा लागते, दोन रुंद मॅटना १२८.

आता तंबूच्या तळाची रुंदी बघा. बऱ्याच हलक्या तंबूंत ती डोक्याकडे १२७ ते १३२ सेंमी असते आणि पायाकडे १०५ ते ११० सेंमीपर्यंत निमुळती होते. वजन वाचवायची ही नेहमीची युक्ती आहे. अशा तंबूत दोन साध्या मॅट नीट बसतात. दोन रुंद आयताकृती मॅट मात्र पायाकडे एकमेकींवर चढतात. दोघांनाही रुंद मॅट हवी असेल तर दोन्ही टोकांना किमान १३० सेंमी असलेला तळ शोधा, किंवा पायाकडे निमुळत्या होणाऱ्या मॅट घ्या.

छापलेली रुंदी तळाची असते. तळाचा काठ थोडा वर उचललेला असतो आणि भिंती आत झुकतात, त्यामुळे मॅटच्या उंचीवर प्रत्यक्ष रुंदी काही सेंमींनी कमी भरते. हवा भरायची मॅट ८ ते १० सेंमी जाड असेल तर हा फरक ठळक होतो. म्हणूनच शक्य असेल तिथे तंबू उभा करून आत स्वतःच्याच दोन मॅट पसरून बघाव्यात. कुठलाही तक्ता याची बरोबरी करत नाही.

माझी उंची जास्त आहे. किती लांबी लागेल?

झोपल्यावर पायाचे पंजे ताणले जातात, स्लीपिंग बॅगची जाडी असते, डोक्याखाली उशी असते. त्यामुळे उंचीत निदान ३० सेंमी मिळवा. १८० सेंमी उंचीच्या माणसाला २१० ते २१५ सेंमी लांबीचा तळ पुरतो, १९० सेंमीच्या माणसाने २२० सेंमीच्या खाली जाऊ नये.

लांबीइतकाच भिंतीचा उतारही महत्त्वाचा आहे. डोक्याकडची भिंत जवळजवळ सरळ वर जात असेल तर २१३ सेंमीचा तंबूही ऐसपैस वाटतो. ती तिरपी असेल तर २२५ सेंमीच्या तंबूतही स्लीपिंग बॅगचे टोक ओल्या कापडाला टेकते, आणि पिसांची बॅग एकदा भिजली की तिची ऊब जाते.

आतली उंची किती हवी?

साधारण १०० ते ११० सेंमी. पण हा आकडा फक्त सर्वांत उंच बिंदूचा असतो. तंबूचे छत एकाच ठिकाणी टोकदार असेल तर एका वेळी एकच जण ताठ बसू शकतो. पावसात दुपारपासून आत अडकल्यावर याचा फार जाच होतो. माथ्यावर आडवा छोटा पोल असलेले तंबू या बाबतीत सरस असतात, कारण त्या पोलने दोन्ही बाजूंच्या भिंती उभट होतात. त्याचे वजन ६०-८० ग्रॅमच्या आसपास असते आणि ते सार्थकी लागते.

एक दरवाजा की दोन?

दोघांसाठी दोन. रात्री बाहेर जाताना दुसऱ्याला ओलांडावे लागत नाही, प्रत्येकाला सामान ठेवायला स्वतंत्र पडवी मिळते आणि समोरासमोरचे दरवाजे उघडल्यावर हवा आरपार खेळते. पडवी म्हणजे फ्लायखाली, पण इनरच्या बाहेर उरणारी झाकलेली जागा. ती प्रत्येक बाजूला पाऊण चौरस मीटर असली तर सॅक आणि बूट कोरडे राहतात.

समोरून एकच दरवाजा असलेले तंबू हलके आणि वाऱ्यात बळकट असतात. वजन अगदी काटेकोर ठेवायचे असेल आणि दोघांना एकमेकांची अडचण होत नसेल तर ते घ्यावेत.

फ्रीस्टँडिंग, सेमी-फ्रीस्टँडिंग म्हणजे काय?

फ्रीस्टँडिंग तंबूचे पोल चारही कोपऱ्यांत टेकतात, त्यामुळे तो मेखांशिवाय उभा राहतो. कातळावर किंवा लाकडी फळ्यांवर मुक्काम असेल तर हाच सोयीचा. जागा चुकली तर उचलून सरकवता येतो, सकाळी उलटा धरून आतला कचरा झटकता येतो.

सेमी-फ्रीस्टँडिंग तंबूत डोक्याकडचे दोन कोपरे पोलवर असतात आणि पायाकडचे कोपरे मेखांनी ताणावे लागतात. यात २०० ते ३०० ग्रॅम वाचतात. हलक्या दुहेरी तंबूंपैकी पुष्कळसे याच प्रकारचे आहेत आणि मऊ मातीच्या वाटांवर ते उत्तम चालतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. फ्रीस्टँडिंग तंबू 'उभा राहतो', पण जागेवर टिकून राहीलच असे नाही. रिकामा तंबू वाऱ्याच्या एका झोतात उडून जातो. आधी दोन मेखा ठोका, मगच पोल घाला.

चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू घ्यावा का?

तुम्ही दोघेही एरवी काठ्या घेऊन चालत असाल तर जरूर विचार करा. पोलचे ३५० ते ५०० ग्रॅम वाचतात. काठ्या बहुतेक वेळा ११५ ते १३० सेंमीपर्यंत उघडाव्या लागतात, त्यामुळे तुमच्या काठ्या तेवढ्या लांब होतात ना हे आधी बघा. घडीच्या ठराविक लांबीच्या काठ्या अनेक तंबूंना चालत नाहीत.

या तंबूंचा सगळा आधार मेखांवर असतो. एक मुख्य मेख उपटली तर पूर्ण तंबू अंगावर येतो. खडकाळ जमिनीवर प्रत्येक मेखेसाठी जड दगड शोधावे लागतात. ताण बरोबर साधायला सराव लागतो, आणि पहिल्या काही वेळा तरी तंबू दोनदा लावावा लागेल असे धरून चाला. मुक्कामी तंबू लावून काठ्या घेऊन शिखरावर जायचे असेल तर तेही जमत नाही, हे बऱ्याच जणांना खरेदीनंतर कळते.

एकेरी कापडाचा की दुहेरी? आणि सकाळी तंबू आतून ओला का असतो?

दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ओले मोजे, ओला रेनकोट आणि खालची दमट जमीन त्यात भर घालतात. रात्री निरभ्र आकाशाखाली फ्लायचे पातळ कापड भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि ही वाफ त्यावर थेंबांच्या रूपात जमते. कापड कितीही भारी असले तरी हे घडणारच.

दुहेरी तंबूत हे थेंब फ्लायच्या आतल्या बाजूला राहतात आणि तुम्ही व ते पाणी यांच्यात जाळी असते. एकेरी तंबूत मधे काहीच नसते. कोपर लागले, स्लीपिंग बॅग टेकली की ओल आत येते. एकेरी तंबू २०० ते ४०० ग्रॅमनी हलका पडतो, पण त्यासाठी रोज सकाळी छोट्या फडक्याने आतून पुसण्याची तयारी हवी. दमट हवेत, दोघांनी आणि अनेक मुक्काम असतील तर दुहेरी तंबूच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दव कमी करण्याचा खरा उपाय हवा खेळती ठेवणे हाच आहे. वरच्या झडपा उघड्या ठेवा, पाऊस नसेल तर एका बाजूचा फ्लाय गुंडाळून ठेवा, फ्लायचा खालचा काठ जमिनीपासून १० सेंमी तरी वर राहू द्या. जागाही विचारपूर्वक निवडा. ओढ्याकाठचा सखल भाग म्हणजे रात्री थंड, दमट हवा साचायची जागा. तिथून थोडे वर, झाडांच्या आडोशाला लावलेला तंबू बराच कोरडा राहतो, कारण वरच्या फांद्यांमुळे फ्लायची उष्णता सरळ आकाशात जात नाही. वाळलेल्या फांद्यांखाली मात्र कधीही तंबू लावू नका.

नायलॉन, पॉलिएस्टर की डायनीमा?

नायलॉन त्याच जाडीत फाटायला जास्त चिवट असते. पण ते पाणी शोषते आणि ओले झाल्यावर सैल पडते, त्यामुळे पावसात झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर फारसे पाणी शोषत नाही, ताण टिकवते आणि उन्हातही जास्त काळ तग धरते. रोज पाऊस असलेल्या प्रवासात हा फरक सुखाचा ठरतो.

डायनीमाचे कापड म्हणजे पातळ पटलांमध्ये बसवलेले अतिशय मजबूत धागे. ते पाणी अजिबात शोषत नाही, ताणले जात नाही आणि सर्वांत हलके असते. उणिवाही आहेत: घडी जाड होते, टोकदार वस्तूने छिद्र लवकर पडते, उष्णतेने पटकन वितळते, आणि किंमत इतर कापडांच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. पहिला तंबू म्हणून त्याची गरज नाही.

१०डी, २०डी हे काय असते?

९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. २०डी म्हणजे ९००० मीटर धागा २० ग्रॅमचा. फ्लायला १५डी ते २०डी आणि तळाला २०डी ते ३०डी हा वजन आणि टिकाऊपणा यांचा चांगला मेळ आहे. ७डी किंवा १०डी कापड सांभाळून वापरले तर चालते, पण काटेरी झुडपांत आणि खरबरीत खडकावर त्याचा निभाव लागत नाही.

वॉटरप्रूफ रेटिंग किती असावे?

१२०० मिमी म्हणजे कापडावर १२०० मिमी उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाणी आत जाऊ देत नाही. फ्लायसाठी १२०० ते २००० मिमी पुरेसे असते, कारण तिरप्या कापडावरून पाऊस ओघळून जातो. तळाचे गणित निराळे आहे. ७० किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि जमिनीला टेकलेला भाग १०० चौरस सेंमी धरला तर दाब सुमारे ७००० मिमी होतो. तोच माणूस मॅटवर आडवा झाला की वजन काही हजार चौरस सेंमीवर पसरते आणि दाब काही शे मिमीच उरतो. म्हणूनच १५०० ते ३००० मिमीचा तळही एरवी कोरडा राहतो, आणि ओल्या जमिनीवर मॅटच्या बाहेर गुडघा टेकला की नेमका तिथे ओलसर डाग उमटतो. आत वावरताना गुडघे मॅटवर ठेवले की झाले.

आणखी एक गोष्ट. हा आकडा नव्या कापडाचा असतो. घासून, चुरगळून आणि उन्हाने तो उतरत जातो. पाणी अडवायला कापडावर दिलेला सिलिकॉनचा थर पीयू (पॉलियुरेथेन) थरापेक्षा जास्त टिकतो.

शिवणींतून पाणी येते. काय करावे?

आधी ते खरेच शिवणीतूनच येते का बघा. पाऊस नसलेल्या रात्रीही ओल असेल तर ते दव आहे. पीयू थर असलेल्या कापडावर कारखान्यातच शिवणींना टेप लावलेली असते. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर नेहमीची टेप चिकटत नाही, त्यामुळे असे काही तंबू शिवणी सील न करताच विकले जातात. खरेदीपूर्वी हे विचारून घ्या.

घरी करायचे तर तंबू सावलीत ताणून उभा करा. शिवणी स्पिरिटने पुसून कोरड्या करा. कापडाला चालणारा सिलिकॉन सीलर ब्रशने शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाऊण-एक सेंमी पातळ पसरवा. तणाव्यांचे फासे जिथे शिवलेले असतात त्या जागा विसरू नका, गळती बहुधा तिथूनच होते. चोवीस तास वाळू द्या आणि घडी करण्यापूर्वी थोडी टाल्कम पावडर लावा, म्हणजे थर एकमेकांना चिकटणार नाहीत. पीयू कापडावर सिलिकॉन सीलर टिकत नाही, त्याला पीयूचाच सीलर लागतो.

इनर पूर्ण जाळीचा असावा की कापडाचा?

उष्ण आणि दमट हवेत जाळीचा. थंड वाऱ्यात किंवा धुळीच्या प्रदेशात खालचा अर्धा भाग कापडाचा असलेला बरा. नाहीतर वारा फ्लायखालून घुसून थेट अंगावर येतो, आणि बारीक रेती जाळीतून गाळल्यासारखी आत पडते.

पोल ॲल्युमिनियमचे की कार्बनचे?

ॲल्युमिनियमचे, ८.५ ते ९ मिमी जाडीचे. ते तुटण्याआधी वाकतात, म्हणजे सूचना देतात. कार्बन पोल थोडे हलके, पण मोडतात ते एकदम आणि टोकदार चिरफळ्या पाडून. फायबरग्लासचे पोल जड असतात, हलक्या तंबूत ते दिसले तर पुढे जा.

दुरुस्तीची नळी सोबत ठेवा. मोडलेल्या जागेवर ती सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की पोल घरी पोहोचेपर्यंत काम देतो. पोलची घडी मधल्या तुकड्यापासून करत जा, त्याने आतल्या लवचीक दोरीवर ताण सारखा पडतो. दुमडलेल्या पोलची लांबीही बघून घ्या. लांब पोल सॅकमध्ये आडवे बसत नाहीत.

सोबत आलेल्या मेखा आणि तणावे पुरेसे असतात का?

बहुधा नाही. वजन कमी दाखवण्यासाठी कंपन्या अगदी मोजक्या मेखा देतात. कोपऱ्यांना आणि मुख्य तणाव्यांना वाय आकाराच्या १५ ते १८ सेंमीच्या ॲल्युमिनियम मेखा घ्या, एकेक साधारण १० ते १५ ग्रॅमची. कमी ताणाच्या जागी तारेच्या बारीक टायटॅनियम मेखा चालतात. त्या दगडांच्या फटीतही शिरतात, पण मऊ मातीत फिरतात आणि सुटतात. मेखेचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले ठेवा आणि ती पूर्ण आत जाऊ द्या. वाळूत किंवा बर्फात मेख उभी ठोकून उपयोग नाही. पिशवीत वाळू किंवा बर्फ भरून, तिला दोरी बांधून ती आडवी पुरावी लागते.

वाऱ्यासाठी फ्लायच्या मधल्या फाशांना दोन मिमी जाडीचे चार जास्तीचे तणावे बांधून ठेवा. वादळात ते अंधारात शोधत बसावे लागू नये.

खाली वेगळे कापड अंथरावे का?

गवतावर किंवा मातीवर गरज नाही. खरबरीत जमिनीवर पातळ तळ वाचवायला ते उपयोगी पडते. पॉलीक्रायोचा पातळ प्लास्टिक कागद दोघांच्या तंबूला ५० ग्रॅमच्या आसपास भरतो, टायवेक (कागदासारखे न विणलेले कापड) १५० ग्रॅमच्या आसपास, आणि कंपनीचे शिवलेले कापड २०० ग्रॅम किंवा जास्त. कापून घेताना सगळ्या बाजूंनी तळापेक्षा ५ सेंमी लहान ठेवा. बाहेर डोकावणारी कड फ्लायवरून ओघळलेले पाणी गोळा करून तंबूखाली आणते.

भर पावसात तंबू लावताना इनर भिजतो. त्यावर काय उपाय?

फ्लाय आधी लागणारा किंवा दोन्ही एकत्र लागणारा तंबू घ्यावा. इनर आधी लागणारा असेल तर बघा की त्याचा फ्लाय फूटप्रिंट (तंबूखाली अंथरायचे कंपनीचे कापड) आणि पोलवर स्वतंत्र उभा राहतो का. तसे असेल तर आधी फ्लाय उभा करून आतून इनर अडकवता येतो. हे गडबडीचे काम आहे, कोरड्या दिवशी सराव करून ठेवा. ओला फ्लाय वेगळ्या पिशवीत भरावा, इनरसोबत कधीच नाही.

थ्री-सीझन (कडक हिवाळा सोडून इतर ऋतूंसाठीचा) तंबू वादळी वाऱ्यात चालेल का?

आडोशाची जागा, निमुळते टोक वाऱ्याकडे आणि सगळे तणावे ताणलेले असतील तर चांगल्या वाऱ्यात चालेल. उघड्या धारेवर किंवा जोराच्या हिमवर्षावात नाही. तिथे एकमेकांना अनेक ठिकाणी छेदणारे पोल आणि जमिनीपर्यंत येणारा फ्लाय लागतो, आणि असा तंबू अडीच-तीन किलोच्या आत क्वचितच मिळतो.

पाऊस थांबत नसेल तर आत स्टोव्ह पेटवावा का?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद तंबूत तो जीव घेतो. शिवाय हलके कापड ज्वाळा लागताच वितळते. बंद पडवीतही पेटवू नका.

वापरलेला तंबू घेताना काय तपासावे?

उभा करून बघितल्याशिवाय घेऊ नका. पीयू थर जुना झाला की चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. असा तंबू फुकट मिळाला तरी नको. तळ उजेडाकडे धरला की सूक्ष्म छिद्रे दिसतात. सगळ्या चेन चार-पाचदा उघडझाप करा. रनरमागे दाते उघडे राहत असतील तर पकडीने रनरची मागची दोन्ही टोके हलकेच दाबून बघता येतात, नाहीतर रनर बदलावा लागतो. पोलचे सांधे चिरलेले नाहीत ना ते बोट फिरवून पाहा. उन्हात फार राहिलेले कापड रंग उडालेले आणि कुरकुरीत लागते, आणि अंगठ्यांनी ताणल्यावर उसवते.

घरी ठेवताना काय काळजी घ्यावी?

पूर्ण वाळवून, मोठ्या सैल सुती पिशवीत, थंड आणि कोरड्या जागी. कंपनीची घट्ट पिशवी फक्त प्रवासापुरती. ओला तंबू दोन-तीन दिवस गुंडाळून राहिला तरी बुरशी धरते आणि तिचे डाग जात नाहीत. धुवायचा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज वापरा. वॉशिंग मशीन नको. समुद्रकाठी वापरला असेल तर पोल आणि चेन गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या हवेने सांधे गंजतात.

नवा तंबू आल्यावर पहिल्यांदा काय करावे?

काट्यावर वजन करा, मेखा मोजा, दोघांनी मिळून तो दोनदा लावा आणि त्यातला एकदा अंधारात डोक्याला लावायच्या दिव्याच्या उजेडात. आत दोन्ही मॅट घालून आडवे व्हा, एकाच वेळी दोघे उठून बसा. मग बाहेरून पंधरा मिनिटे पाण्याचा फवारा मारा आणि कोपरे व शिवणी आतून हाताने चाचपा. परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळे उरकून घ्या, मात्र पाण्याचा प्रयोग तंबू ठेवायचाच हे नक्की झाल्यावर करा, कारण भिजवलेला तंबू परत घ्यायला दुकाने सहसा तयार नसतात.